व्हिटकॉमसाहेबांची रिकामी चौकट

१

पडद्यामागे व्हिटकॉमसाहेब नव्हते.

गोपाळराव अभ्यासिकेचे सचिव सुमंत देव सकाळी सभागृहात शिरले ते खुर्च्या पुसून घ्यायला. जाता जाता त्यांनी गांधीबागेच्या कापडबाजारातून स्वतः घासाघीस करून आणलेला जांभळा मखमली पडदा जरा सरळ करावा म्हणून ओढला, आणि तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा गिळता गिळता वाचले. सोनेरी चौकट जागच्या जागी होती. आतल्या लाकडी पट्ट्याही होत्या. त्यांवर ताणलेलं चित्र तेवढं नव्हतं. पट्ट्यांमधून मागची भिंत दिसत होती, आणि त्या चित्राचं अनावरण त्याच दिवशी संध्याकाळी सहाला होतं.

सुमंतरावांनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी ॲडव्होकेट माया गणवीरला केला. नागपुरात फौजदारी वकील पुष्कळ, पण साक्षीदाराला चहा पाजून खरं बोलायला लावणारी ही एकटीच, असं वकिलांच्या बारमध्ये म्हणत. जिनं आपले साक्षीदार फोडले तिच्याविषयी हे कौतुकानं बोलणारेही त्यात होते, यावरून काय ते समजावं. शिवाय माया ही प्रेमानंद डोंगरे यांची जुनी ज्युनिअर, आणि ते चित्र म्हणजे प्रेमानंदसरांचा जीव की प्राण.

आता व्हिटकॉम कोण, हे सांगायला हवं, कारण नागपुरातही ते फार जणांना ठाऊक नव्हतं. एझ्रा व्हिटकॉम हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन माणूस. आधी लहानशा गावातला वकील, पळून आलेल्या गुलामांचे खटले फुकट लढणारा. मग आमदार. काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध कोर्टात चालावी म्हणून त्यानं विधेयक मांडलं आणि सपाटून हरला. पुढे न्यायाधीश झाला, आणि शेवटी दक्षिण अमेरिकेतल्या एका चिमुकल्या देशात वकिलातीवर गेला. तिथेच तापानं मेला. अमेरिका त्याला विसरून गेली. प्रेमानंदसरांनी मात्र वीस वर्षं खपून त्याला उकरून काढलं आणि मराठीत त्याचं जाडजूड चरित्र लिहिलं. पुस्तक नुकतंच निघालं होतं. आज लेखकाच्या वडिलांच्या नावानं चालणाऱ्या अभ्यासिकेत चरित्रनायकाचं तैलचित्र लागायचं होतं, आणि त्यासाठी अमेरिकेहून एक प्राध्यापक येऊन हॉटेलात उतरले होते.

माया पोहोचली तेव्हा प्रेमानंदसर पहिल्या रांगेत, रिकाम्या चौकटीकडे तोंड करून बसले होते. त्यांना काचबिंदू. उरलेली नजर पावसाळ्यापर्यंत टिकली तर देवाची कृपा, असं डॉक्टर म्हणाले होते. "देवाची नाही, तुमच्या थेंबांची," असं सरांनी तिथल्या तिथे सुनावलं होतं.

"आली का वं, माया?" पावलांवरून त्यांनी ओळखलं. "पाहून राहिली ना? गेला माझा साहेब."

"सापडंन, सर. संध्याकाळले वेळ आहे अजून."

"मले ते चित्र त्या भिंतीवर, लोकांसमोर एकदा पाहाचं होतं. चाळीस वर्षं या गावानं मले 'आपले डोंगरे' म्हटलं. चांगला माणूस म्हटलं, गरिबाचा वकील म्हटलं. अभ्यासू माणूस कोणी नाही म्हटलं. आज म्हणणार होते."

माया स्टेजवर चढली. पट्ट्यांवर एक ओरखडा नव्हता. कॅनव्हासचे बारीक खिळे एकूण एक काढलेले होते आणि कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून चहाच्या बशीत गोळा करून ठेवले होते. चित्राचा ज्याला राग असतो तो ब्लेड चालवतो. असला काळजीवाहू चोर मायानं उभ्या वकिलीत पाहिला नव्हता.

"सभागृहाला कुलूप असतं ना?" तिनं बाहेर वाचनकक्षात येऊन सुमंतरावांना विचारलं.

"असतं ना. काल संध्याकाळी मीच लावलं. चावी पेपरच्या स्टँडमागे खिळ्याला असते."

"हे कोणाकोणाले माहीत आहे?"

"सगळ्यांनाच! नाहीतर मी नसताना उघडणार कोण?" सुमंतराव चिडलेच. त्यांनी वाचनकक्षातल्या बाकाखालून गुंडाळलेली एक निळी चटई पायानं पुढे ओढली. "हे बघा, लोक काहीही टाकून जातात. परवा कोणाचा डबा, आज सकाळी ही योगासनांची चटई. धर्मशाळा करून टाकली आहे."

मायानं चटईकडे पाहिलं, उघड्या दारातून बशीतल्या खिळ्यांकडे पाहिलं, आणि सरांचा मुलगा कुठे आहे असं विचारलं. सुमंतरावांनी सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "त्याच्यावरच तर सरांचा संशय आहे."

२

रोशन डोंगरे कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कुलरपाशी उभा होता. कुलरच्या वर त्याच्या आजोबांचा, गोपाळरावांचा फोटो होता. तो स्वतःही वकील, त्यामुळे त्यानं आडवळणं घेतली नाहीत.

"विचार ना, ताई. मीच आहे पहिला आरोपी. बाबा सकाळपासून माझ्याशी बोलले नाही."

"अभ्यासिकेच्या मीटिंगमध्ये तू चित्राले विरोध केला होता म्हणे."

"केला ना. छप्पन साली दीक्षाभूमीवर उभा राहिलेला माणूस इथं कुलरच्या वर, आणि कोण कुठचा गोरा साहेब स्टेजवर! मले नाही पटलं. तोंडावर बोललो बाबाच्या. जे तोंडावर बोललो ते चोरून काहून करीन?"

"राग आला की माणूस काहीही करते."

"मी नेलं असतं ना, तर चौकट रिकामी नसती ठेवली," रोशन म्हणाला. "आजोबाले लावून गेलो असतो."

हे मायाला पटलं. रोशनचा राग जागा मागत होता आणि चोरानं जागा मोकळी सोडली होती. तिनं दुसरीकडून सुरुवात केली. "चित्र कसं आहे? पाहिलं का तू?"

"कोणीच नाही पाहिलं. बाबानं पाहूच नाही दिलं. चित्रकार भैरवीताईनं परवा चादरीत झाकून आणलं, स्वतः टांगलं, वरून पडदा सोडला, खलास. पुस्तकात ते जुनं छापील चित्र आहे ना, तेवढंच सगळ्यायले माहीत."

ते मायानंही पाहिलं होतं. पुस्तकाची वीसएक पानं वाचून तिनं ते टेबलावर ठेवलं होतं, कोर्टाला सुट्टी लागली की पुरं करू म्हणून. छापील चित्रात व्हिटकॉम भर तिशीतला, दाट दाढीचा, खांबाला हात टेकून ऐटीत उभा होता.

जाताना रोशननं तिला थांबवलं. "ताई, सापडव वं ते. मले तो साहेब नको होता. पण बाबाचं तोंड असं झालेलं मले पाहावत नाही."

३

अनावरण ज्यांच्या हस्ते व्हायचं त्या निवृत्त न्यायमूर्ती गिरिधर मुजुमदारांना कळवणं भाग होतं. गिरिधरसाहेब आणि प्रेमानंदसर लॉ कॉलेजात एका बाकावरचे. एक भोसल्यांच्या काळापासून नागपुरात मुरलेल्या घरातला, दुसरा इंदोरा वस्तीच्या गल्लीतून आलेला, पण मैत्री अशी की हायकोर्टात साहेबांपुढे सरांची केस आली की साहेब ती दुसऱ्या कोर्टाकडे पाठवत. सरांच्या पुस्तकाला प्रस्तावनाही त्यांचीच होती. भरघोस होती. "मराठी ज्ञानपरंपरेत मोलाची भर" वगैरे.

धरमपेठेतल्या बंगल्यात साहेब नुकतेच नाश्ता करून बसले होते. दारामागच्या खुंट्यांवर टोपी, फिरायची काठी आणि चटईची लांब पिशवी टांगलेली होती. मायानं बातमी सांगितली.

"प्रेमानंद कसा आहे?"

"खचलेत. दाखवत नाहीत."

"त्याला जपा. आणि हे बघ माया, कार्यक्रम पुढे ढकला. दोन-तीन आठवड्यांनी करू निवांत. चित्र मिळेल, माझं मन सांगतंय."

"आणि ते अमेरिकेचे प्राध्यापक?"

"ते पाहुणे माणूस, आज आहेत, उद्या नाहीत. ते गेल्यावर केलं तरी काय बिघडतं?" मग वातावरण हलकं करावं म्हणून साहेब हसले. "म्हातारा चष्मा पुसता पुसता कंटाळून उठून गेला म्हणायचा! आपली भाषणं ऐकायची वेळ येऊ नये म्हणून."

माया शिष्टाचारापुरती हसली. एवढे मोठे गृहस्थ, पण मित्राच्या दुःखात विनोद कसा सुचतो, असं तिच्या मनात आलं. नंतर गाडी सुरू करताना तिला वाटलं, की साहेबांनी सगळी काळजी केली, फक्त एक प्रश्न विचारला नाही. चित्र चोरलं कोणी असेल, हा.

४

भैरवी ढोकचं घर कोराडीला, वीज केंद्राच्या कॉलनीत. वडील तिथेच नोकरीला होते. बाहेर कोळशाच्या ट्रकांची रांग आणि घराच्या खिडक्या भर दुपारी बंद, कारण उघडल्या की राख येऊन ओल्या रंगावर बसते. भिंतीला टेकून तीन न्यायमूर्ती आणि एक कुलगुरू वाळत होते. शहरातल्या अर्ध्या प्रतिष्ठित भिंती भैरवीच्याच हातच्या.

चित्र गेल्याचं ऐकून तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. मग खिळ्यांचं ऐकून भडकली.

"कॅनव्हास काढून नेला? गुंडाळून? कोण अडाणी आहे तो! मी नेलं असतं असं वाटून राहिलं का तुम्हाले? मी चौकटीसकट नेलं असतं. सहा महिन्यांचा रंग आहे, गुंडाळला तर तडा जाते. चित्रकार असं करूच शकत नाही."

म्हणजे चोर काळजी घेणारा होता, पण चित्रातलं त्याला कळत नव्हतं. मायानं ते मनात ठेवलं. "चित्र कसं होतं ते सांग ना मले."

"म्हातारा आहे. पुस्तकात तरणा, उभा आहे, पण सर म्हणाले, मले शेवटच्या वर्षांतला पाहिजे. दाढी पांढरी, खुर्चीत बसून राहिला, आणि हातात चष्मा. चष्मा पुसून राहिला तो. लई मेहनत घेतली त्या हातावर."

मायाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"हे असं काढाचं, हे कोणाचं डोकं?"

"सरांचंच. चारदा येऊन बसले इथं. बुटापासून गळ्यापर्यंत त्यायनं सांगितलं तसंच काढलं. त्यात एक रेघ माझ्या मनाची नाही."

माया उठली. म्हातारा. बसलेला. चष्मा पुसणारा. पुस्तकातलं छापील चित्र पाहून हे कोणी सांगू शकलं नसतं. सांगायला पडद्यामागे डोकवावं लागलं असतं, आणि आजच्या दिवसात हे सांगितलं होतं एकाच माणसानं, हसत हसत.

तिनं परत जाताना अभ्यासिकेत गाडी थांबवली आणि बाकाखालची निळी चटई काखोटीला मारली.

५

"साहेब, तुमची चटई अभ्यासिकेत राहिली होती."

गिरिधर मुजुमदारांनी चटईकडे पाहिलं. मग न पाहण्याचा प्रयत्न करत त्यांनी दारामागच्या खुंटीकडे पाहिलं. पिशवी तिथेच होती, गुबगुबीत, चटई आत असल्यासारखी.

"पिशवीत मग काय आहे?" मायानं विचारलं.

आयुष्यभर लोकांच्या सबबी ऐकलेले साहेब उठले. त्यांनी पिशवी उतरवली, आतला कॅनव्हास जेवणाच्या टेबलावर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. पांढऱ्या दाढीचा म्हातारा मान तिरकी करून चष्मा पुसत होता. चित्र सुंदर होतं. मायाला आधी तेवढंच दिसलं.

"गळ्याकडे बघ," साहेब म्हणाले.

काळ्या कोटावर, दाढीच्या खाली, दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबत होत्या. वकिलांचा बँड. मायाच्या स्वतःच्या पर्समध्ये होता तसाच, नागपूरच्या कोर्टात शेंबड्या ज्युनिअरच्याही गळ्यात असतो तसाच.

"अमेरिकेत हा बँड कोणी बांधत नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "वकील नाही, न्यायाधीश नाही. भैरवीनं जन्मभर आपल्याच जजांची चित्रं काढली, सवयीनं हेही काढलं. प्रेमानंदला धड दिसत नाही. काल उत्सुकता म्हणून मी पडदा उचलला आणि माझ्या पायांखालची वाळूच सरकली. वीस वर्षांचा अभ्यास, आणि भिंतीवर ही चूक! पहिल्या रांगेत तो अमेरिकन प्राध्यापक. सगळं गाव म्हणालं असतं, डोंगरेंना साधं हे माहीत नव्हतं. आज सकाळी योगासनं करून आलो, वाचनकक्षात कोणी नव्हतं. भैरवीकडून गुपचूप दुरुस्त करून घेणार होतो आणि परत लावणार होतो. शपथेवर सांगतो."

मायाला ते खरं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, तिलाही क्षणभर तेच वाटलं, की सर चुकले. बिचारे सर. आणि लगेच कोराडीतलं वाक्य तिच्या कानात वाजलं.

"साहेब, भैरवी म्हणाली, यात एक रेघ तिच्या मनाची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चला. सरांनाच विचारू."

अभ्यासिकेत प्रेमानंदसर अजून पहिल्या रांगेतच होते. साहेबांनी चित्र स्टेजच्या कडेला उलगडून ठेवलं, आणि माया, ते आणि मागून ओढला गेल्यासारखा रोशन, तिघं समोर उभे राहिले. मायानं जे घडलं ते सरळ सांगितलं. ते ऐकून सरांनी आधी मुलाकडे हात केला. "इकडं ये गा, रोशन. तुझ्यावर आळ घेतला म्या. चुकलं माझं." रोशन त्यांच्या शेजारी बसला. मग सर म्हणाले, "गिरिधर, बँड म्याच काढाले सांगितला."

"तू? मुद्दाम?" साहेब म्हणाले.

"अमेरिकेत बँड नसते, हे मले माहीत नसंन असं वाटलं तुले? वीस वर्षं त्या माणसाच्या मागं फिरून राहिलो मी. तो कोणत्या शिंप्याकडं कोट शिवत होता तेही माहीत आहे मले." सरांचा आवाज चढला नव्हता. "ते साक्षीचं विधेयक मांडलं ना त्यानं, त्यापायी त्याच्या गावच्या वकिलांनी मंडळातून त्याचं नाव खोडलं. पुढं जज झाला तरी परत नाही घेतलं. ज्याच्यासोबत रोज उठणं-बसणं, ते त्याच्या पंगतीले बसेनात. म्हणून तर तो वकिलातीवर परदेशात गेला आणि तिकडंच मेला. ज्याची साक्ष चालत नाही त्या माणसासाठी तो वाळीत पडला, गिरिधर. ते काय असते ते आमच्या घरात कोणाले समजावून सांगा लागत नाही. त्याच्या बारनं त्याले काढलं. मी त्याले नागपूरच्या बारात घेतलं. म्हणून बँड."

रोशन चित्रातल्या गळ्याकडे टक लावून पाहत होता. आपण ज्याला गोरा साहेब म्हणत होतो त्याला बापानं कोणत्या नात्यानं घरात आणलं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"हे सगळं सातव्या प्रकरणात आहे," सर म्हणाले. "पूर्ण प्रकरण त्याचंच आहे. तू प्रस्तावना लिहिली ना गा पुस्तकाले?"

साहेबांनी मान खाली घातली. मायानंही घातली. वीस पानं वाचून टेबलावर ठेवलेलं पुस्तक तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नाही वाचलं मी," गिरिधरसाहेब म्हणाले. "चाळलं. तुझं आहे म्हणून चांगलंच असणार असं धरून लिहिलं. तुझं हसं होऊ नये एवढंच होतं रे माझ्या मनात."

"माहीत आहे मले. तू कॉलेजपासून मले झाकून राहिला. माझं इंग्रजी अडलं की तू मध्ये बोलायचा. प्रोफेसर हसले की तू भांडायचा. उपकार आहेत तुझे. पण चाळीस वर्षांत एकदा तरी विचाराचं होतं, प्रेमानंद, हे तू असं काहून केलं. चूक असंन असं धरून चालण्यापेक्षा विचारून पाहाचं होतं."

साहेबांनी बशीतले खिळे उचलले आणि भैरवीला फोन लावून, कॅनव्हास परत कसा ताणायचा ते विचारलं. तिनं फोनवरच त्यांची खरडपट्टी काढली. ती त्यांनी ऐकून घेतली.

सहाला सभागृह भरलं. पडदा सरला, टाळ्या पडल्या, आणि मग पहिल्या दोन रांगांतल्या वकिलांच्या नजरा चित्राच्या गळ्याशी जाऊन थबकल्या. कोणीतरी कोणाच्या कानात कुजबुजलं. अमेरिकन प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या. गिरिधर मुजुमदार माइकसमोर आले. लिहून आणलेलं भाषण त्यांनी घडी करून खिशात घातलं.

"या पुस्तकाची प्रस्तावना मी पुस्तक न वाचता लिहिली," ते म्हणाले. "त्यामुळे आज मला भाषण करायचा अधिकार नाही. मला फक्त एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो मी सगळ्यांसमोर विचारतो." ते पहिल्या रांगेकडे वळले. "प्रेमानंद, अमेरिकेतल्या माणसाच्या गळ्यात तू आपला बँड घातलास. असं का केलंस?"

एवढं विचारून ते स्टेजवरच्या खुर्चीकडे गेले नाहीत. खाली उतरून श्रोत्यांत, मायाच्या शेजारी बसले.

प्रेमानंद डोंगरे उठले. मायानं हात पुढे केला, पण त्यांनी तो घेतला नाही. पायऱ्या त्यांच्या पायांना पाठ होत्या. माइकशी उभं राहून त्यांनी आधी चित्राकडे पाहिलं, जवळ जाऊन, अगदी नाक लागेल इतक्या जवळून, पुरेसा वेळ घेऊन. मग लोकांकडे वळले आणि बोलू लागले. खाली रोशन प्राध्यापकांच्या शेजारी सरकून बसला होता आणि बापाचं एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होता, आणि प्राध्यापक ते लिहून घेत होते.